शेपटी तुटलेली गाय

मंडळी, जमैकातला माणूस उद्याचं काही ठरवतो तेव्हा बोलता बोलता तीन शब्द जोडतो: ‘इफ लाइफ स्पेअर’. आयुष्य राहिलं, तर. उद्या बाजारात भेटू, इफ लाइफ स्पेअर. बायबलात याकोबाच्या पत्रातही हेच आहे: प्रभूची इच्छा असेल तर आपण जगू आणि हे करू, ते करू. पण नुसतं ग्रंथाकडे बोट दाखवून भागत नाही. तिथली बोली, पाटवा, घडली उसाच्या मळ्यांवर. पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांनी मालकाचे इंग्रजी शब्द उचलले आणि आपल्या वळणावर नेले. उद्या आपलं लेकरू विकलं जाईल का, हेही त्यांच्या हातात नव्हतं. अशा माणसानं उद्याचा दिवस देवाच्या हवाली केला, म्हणजे तो मालकाच्या मुठीतून सोडवला, असं मी समजतो.

ही श्रद्धा हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. सॅम शार्प हा बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीतला डीकन, म्हणजे मंडळीचा सेवक-पुढारी, स्वतः गुलाम. मजुरी मिळाल्याशिवाय नाताळनंतर कामावर जायचं नाही, हे त्यानं 1831 साली लोकांना पटवलं. त्यातून उठाव झाला आणि 1832 मध्ये माँटेगो बे इथे त्याला फाशी दिली. पूर्ण मुक्ती आली 1838 मध्ये.

तिथली एक म्हण माझ्या मनातून जात नाही. ‘वेन कोउ टेल कट ऑफ, गॉड ऑलमायटी ब्रश फ्लाय फि इम.’ गाईची शेपटी तुटली की तिच्या माश्या देव वारतो. नीट ऐका हं. शेपटी पुन्हा फुटेल, असं ही म्हण म्हणत नाही. माश्या यायच्या थांबतील, असंही नाही. गेलं ते गेलंच. उरलेल्या अंगावर कुणाचा तरी हात फिरतोय, एवढंच ती सांगते. कोकणातलं ‘देवाक काळजी’ याच्या जवळचं, पण त्यात ही तुटलेली शेपटी दिसत नाही.

आता थोडं व्याकरण. आपण ‘हा शिक्षक आहे’ आणि ‘हा घरात आहे’, दोन्हीकडे ‘आहे’ म्हणतो. पाटवात ही क्रियापदं वेगळी. कोण आहे हे सांगताना ‘अ’, कुठे आहे किंवा मुळात आहे हे सांगताना ‘डे’. ‘गॉड डे’ म्हणजे देव आहे. कसा आहे, काय देईल, याबद्दल त्यात अक्षर नाही. आणि ‘कसं काय?’ याला नेहमीचं उत्तर ‘मि डे या’: मी आहे इथे. हा ‘मि’ ऐकायला आपल्या ‘मी’सारखाच; तो आला इंग्रजी ‘me’ वरून, आणि त्याचं व आपल्या ‘मी’चं प्राचीन मूळ एकच, हे मला सुखावून जातं.

28 ऑक्टोबर 2025 ला मेलिसा हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ जमैकाच्या पश्चिमेकडच्या वेस्टमोरलंडमध्ये न्यू होपजवळ जमिनीवर आलं. छप्पर उडालेल्या घरात उभं राहून ‘बरं चाललंय’ म्हणणं खोटं ठरलं असतं. ‘मि डे या’ मात्र म्हणता येतं.