नॉकेलोच्या कबरी कुठे गेल्या?

(दृश्य: ओली कुरणं, मेंढ्या, लांबवर समुद्र)

आयल ऑफ मॅन. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधलं बेट. पश्चिम किनाऱ्यावरच्या पील गावातून दक्षिणेला दोन-अडीच किलोमीटर गेलं की पॅट्रिक नावाचं खेडं लागतं. शेजारची ही शेतं नॉकेलोची. पहिल्या महायुद्धात इथल्या ब्रिटिश छावणीत एका वेळी 23,000 च्या आसपास माणसं तारेआड होती: ब्रिटनमध्ये सापडलेले जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, तुर्कस्तान अशा शत्रुराष्ट्रांचे नागरिक.

यातले बहुतेक सैनिक नव्हते. हॉटेलातले वेटर, न्हावी, बेकरीवाले, व्यापारी जहाजांवरचे खलाशी. कित्येकांच्या बायका ब्रिटिश. ब्रिटिश नागरिकत्वाचे कागद मात्र केलेले नव्हते.

नोव्हेंबर 1914 मध्ये छावणी उघडली ती 5,000 जणांच्या हिशेबाने. हिशेब फसला 7 मे 1915 ला. जर्मन पाणबुडीने लुसिटानिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवलं, ब्रिटनमध्ये जर्मन नावाच्या दुकानांवर दगड पडले आणि आठवडाभरात पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांनी जाहीर केलं की शत्रुराष्ट्रांचे 17 ते 55 वयाचे पुरुष सरसकट आत घ्यायचे. नॉकेलोत लाकडी बराकी वाढत गेल्या. शेवटी कुंपणं झाली 23, एकेकात साधारण हजार माणसं. त्याच युद्धात आपल्याकडे अहमदनगरच्या छावणीतही जर्मन नागरिक असेच ठेवले होते.

(दृश्य: कोरीव हाडाची फुलदाणी, अगदी जवळून)

ही फुलदाणी गुरांच्या नळीच्या हाडाची आहे. छावणीच्या स्वयंपाकघरात हाडांचा तोटा नव्हता. हाड आधी उकळून आतला मगज आणि चरबी काढायची. चरबी राहिली तर हाड पिवळं पडतं, वासही जात नाही. घाईने वाळवलं तर तडकतं. मग वेलबुट्टी, कोरायला मिळेल ते टोकदार लोखंड. क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी अवजारं पुरवली, वस्तू विकायला मदत केली. नॉर्थहॅम्प्टनमध्ये वास्तुकार मॅकिंटॉश यांनी सजवलेल्या एका घरासाठीही नॉकेलोत फर्निचर बनलं.

हौस म्हणून कोरत होते असं समजू नका. कामाशिवाय डोकं ताळ्यावर राहत नव्हतं. स्विस डॉक्टर फिशर यांनी या दुखण्याला ‘काटेरी तारेचा आजार’ असं नाव दिलं. चिडचिड, विसरभोळेपणा, दोन ओळी वाचल्या की लक्ष उडणं. कारणंही त्यांनी नोंदवली: एक क्षणही एकटं राहता येत नाही, आणि सुटका कधी हे कुणालाच सांगता येत नाही. शिक्षा झालेल्या कैद्याला निदान तारीख माहीत असते.

छावणी 1919 मध्ये बंद झाली. इथे मेलेल्यांची संख्या दोनशेच्या घरात. त्यांना पॅट्रिकच्या चर्चच्या आवारात पुरलं होतं. आज तिथे गेलात तर मोजक्याच कबरी दिसतील, त्यात मुस्लिम आणि ज्यू नजरकैद्यांच्या आहेत.

बाकीच्यांचं काय झालं? 16 ऑक्टोबर 1959 ला ब्रिटन आणि पश्चिम जर्मनीचा करार झाला. ब्रिटिश आणि कॉमनवेल्थ सैनिकांच्या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाच्या जागांबाहेर विखुरलेल्या जर्मन कबरी एकत्र आणायच्या, सैनिकांच्या आणि नजरकैद्यांच्याही. देखभालीच्या दृष्टीने सोयीचंच होतं ते. त्यानुसार 1962 मध्ये पॅट्रिकमधले बहुतेक अवशेष समुद्रापार इंग्लंडमध्ये, स्टॅफर्डशरमधल्या कॅनक चेसला नेले.

(दृश्य: हेदरची झुडपं, करड्या दगडांच्या रांगा)

कॅनक चेसला एक घोटाळा हमखास होतो. इथे शेजारी शेजारी दोन दफनभूमी आहेत. कॉमनवेल्थच्या दफनभूमीतही जर्मन कबरी आहेत, त्यामुळे लोक तिथेच शोधून रिकाम्या हाताने परततात. नॉकेलोची माणसं पलीकडच्या मोठ्या जर्मन दफनभूमीत आहेत. ती 10 जून 1967 ला खुली झाली. पहिल्या युद्धातले 2,143 आणि दुसऱ्यातले 2,797 जण इथे आहेत. लंडनवर बाँब टाकायला आलेल्या झेपेलिनांचे, म्हणजे वायूने भरलेल्या अजस्र हवाई जहाजांचे, चालकही इथेच.

प्रवेशदालनात हान्स विमर यांचं ब्राँझचं शिल्प आहे: धारातीर्थी पडलेला योद्धा. शिल्प सुंदरच आहे. पण वेटरचं आणि न्हाव्याचं स्मारक म्हणून ते पाहायला गेलं की अडखळायला होतं.

त्यापेक्षा पॅट्रिकला, चर्चजवळच्या जुन्या शाळेत जा. तिथल्या माहिती केंद्रात छावणीची प्रतिकृती आहे, आणि आजोबा-पणजोबांचं नाव घेऊन येणाऱ्यांना ते कोणत्या कुंपणात होते हे शोधायला मदत केली जाते.