दानीएलाची श्वापदं वाचताना

नमस्कार श्रोतेहो.

पंखांचा सिंह, तोंडात तीन फासळ्या धरलेलं अस्वल, चार डोक्यांचा चित्ता, सात डोकी आणि दहा शिंगं असलेला अजगर. पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, या प्राण्यांचे अर्थ प्रवचनांतून, पत्रकांतून आणि आता मोबाइलवरच्या व्हिडिओंतून आपल्यापर्यंत येतात, आणि दर काही वर्षांनी बदलतात. काल जो देश अस्वल होता तो आज चित्ता झालेला असतो. हे का होतं आणि कसं टाळायचं, ते आज पाहू. जवळ शास्त्र असेल तर त्यातल्या दानीएलाच्या पुस्तकाचा आठवा अध्याय काढा आणि हाताशी एक पेन्सिल ठेवा. प्रसिद्ध अध्याय सातवा आहे, पण सुरुवात आठव्यापासूनच करायची. तिथं प्रश्नाबरोबर उत्तरही छापलेलं आहे.

दृष्टान्ताचं ठिकाण शूशन, उलई नदीचा काठ. आधी एक एडका दिसतो. त्याला दोन शिंगं, त्यातलं एक दुसऱ्यापेक्षा उंच, आणि उंच शिंग मागाहून फुटलेलं. मग पश्चिमेकडून एक बकरा येतो. तो इतक्या वेगानं येतो की त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. त्याच्या डोळ्यांच्या मधोमध एक ठसठशीत शिंग आहे. तो एडक्याला तुडवतो आणि ऐन भरात असताना त्याचं शिंग मोडतं. त्या जागी चार शिंगं उगवतात. त्या चारांपैकी एकातून एक लहान शिंग फुटतं, ते वाढत वाढत पवित्रस्थानापर्यंत पोचतं आणि नित्याचा यज्ञ बंद पाडतं.

आता विसाव्या वचनाखाली रेघ ओढा. गब्रीएल देवदूत सांगतो की एडका म्हणजे मेदी आणि पारसी, या प्राचीन इराणातल्या दोन लोकांचे राजे. एकविसाव्या वचनात बकरा म्हणजे ग्रीसचं राज्य आणि मोठं शिंग म्हणजे त्याचा पहिला राजा. बाविसाव्यात चार शिंगं म्हणजे त्याच राष्ट्रातून निघणारी चार राज्यं, 'पण त्याच्याइतकी बलाढ्य नव्हेत'.

एवढं हाती आल्यावर इतिहासाचं पुस्तक उघडायचं, त्याआधी नाही. मेदी लोक आधी प्रबळ होते. पारसी मागून आले आणि त्यांचा राजा सायरस यानं इ.स.पू. ५५०च्या सुमारास मेद्यांचं राज्य जिंकून त्यांना मागं टाकलं. उंच शिंग मागाहून का फुटलं, ते यातून कळतं. अलेक्झांडर इ.स.पू. ३३४मध्ये आशियात उतरला, ३३३मध्ये इस्सस आणि ३३१मध्ये गौगमेला इथं पारसी सम्राटाला हरवलं, आणि ३२३मध्ये बॅबिलोनमध्ये वारला. वय अवघं ३२. सेनापतींची भांडणं बराच काळ चालली. ३०१च्या इप्ससच्या लढाईनंतर कॅसँडर, लिसिमाखस, सेल्युकस आणि टॉलेमी अशी चार प्रमुख राज्यं उरली. सेल्युकसच्या घराण्यात इ.स.पू. १७५मध्ये चौथा आंतियोखस गादीवर आला. त्यानं यरुशलेमच्या मंदिरातला नित्ययज्ञ बंद केला आणि १६७मध्ये वेदी भ्रष्ट केली. १६४मध्ये त्याच्याविरुद्ध उठलेल्या यहुदी मक्काबींनी मंदिर शुद्ध केलं. यहुद्यांचा हनुक्का हा सण त्याचाच.

इथं जरा वाट सोडून एक गोष्ट सांगतो. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज याच आंतियोखसच्या छळाच्या काळात गालीलातून निघाले आणि अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांचं जहाज फुटलं. परंपरा म्हणूनच ती घ्यायची. पण दानीएलातलं ते लहान शिंग नवगावपासून वाटतं तितकं दूर नाही.

आठव्या अध्यायातून तीन गोष्टी हाती लागतात. प्राणी म्हणजे राज्य, शिंग म्हणजे राजा किंवा त्याच राज्याची शाखा, आणि प्राण्याचा प्रत्येक अवयव उलगडून दाखवलाच जातो असं नाही. बकऱ्याच्या खुरांबद्दल गब्रीएल अवाक्षर काढत नाही.

आता सातव्या अध्यायात या. चार वारे समुद्र ढवळतात आणि चार श्वापदं वर येतात. पहिला गरुडाचे पंख असलेला सिंह. त्याचे पंख उपटले जातात, त्याला माणसासारखं दोन पायांवर उभं केलं जातं आणि माणसाचं हृदय दिलं जातं. आपल्याकडे हे ऐकताच नृसिंह आठवतो. तो बाजूला ठेवा आणि दानीएलाचाच चौथा अध्याय काढा. तिथं बॅबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याला पशूचं हृदय दिलं जातं, तो गवत खातो आणि पुढं शुद्धीवर येतो. सिंहाच्या हृदयाचं मूळ तिथं सापडतं. यिर्मया बॅबिलोनच्या राजाला सिंह म्हणतो, यहेज्केल सतराव्या अध्यायात त्यालाच मोठा गरुड म्हणतो. म्हणजे सिंह आणि पंख दोन्ही आधीच्या पुस्तकांतून आले आहेत. होशेयाचा तेरावा अध्यायही पाहा. सातव्या-आठव्या वचनांत सिंह, चित्ता, अस्वल आणि रानटी श्वापद हे चौघेही एकत्र भेटतात, आणि तिथं ते देवाच्या कोपाचं चित्र आहेत. संदर्भ असलेल्या आवृत्तीत समासात बारीक अक्षरांत जी वचनं दिलेली असतात ती याचसाठी. बहुतेक वाचक ती ओलांडून जातात.

दुसरं अस्वल. ते एका कुशीवर उचललेलं आहे आणि त्याच्या दातांत तीन फासळ्या आहेत. या फासळ्या म्हणजे लिडिया, बॅबिलोन आणि इजिप्त असं पुष्कळ भाष्यकार सांगतात. पारसी सत्तेनं बॅबिलोन इ.स.पू. ५३९मध्ये आणि इजिप्त ५२५मध्ये घेतलं, तेव्हा हे जुळतं. पण मजकूर ते सांगत नाही. वहीत 'जुळतं' आणि 'सांगितलं आहे' असे दोन वेगळे रकाने ठेवा. फासळ्या पहिल्या रकान्यात जातात. श्रोतेहो, अर्थ लावताना होणारे निम्मे घोटाळे हे रकाने एक झाल्यानं होतात.

तिसरा चार पंखांचा, चार डोक्यांचा चित्ता. चौथ्या श्वापदाला प्राण्याचं नावच नाही. त्याला लोखंडी दात आणि दहा शिंगं आहेत. त्यांच्यामध्ये एक लहान शिंग उगवतं, तीन शिंगं उपटली जातात, आणि त्या लहान शिंगाला माणसाचे डोळे आणि बढाई मारणारं तोंड असतं. सतराव्या वचनात चार श्वापदं म्हणजे चार राजे आणि तेविसाव्यात चौथं म्हणजे चौथं राज्य, एवढंच सांगितलं जातं. नाव एकाचंही नाही. म्हणूनच खरा वाद इथं आहे.

एक बाजू म्हणते: बॅबिलोन, मेदी-पारसी, ग्रीस, रोम. एका कुशीवर उचललेलं अस्वल आणि एक शिंग उंच असलेला एडका हे एकच राज्य. चार डोक्यांचा चित्ता आणि चार शिंगांचा बकरा हेही एकच. मग चौथ्या जागी रोम येतो. मेदी आणि पारसी यांना आठव्या अध्यायानं एकाच एडक्यात बसवलं आहे, हा या बाजूचा भक्कम पुरावा. दुसरी बाजू म्हणते: बॅबिलोन, मेदी, पारसी, ग्रीस. आठव्यातलं लहान शिंग ग्रीसमधून निघतं, सातव्यातलं चौथ्या श्वापदातून निघतं. शिंग एकच असेल तर चौथं श्वापद ग्रीस ठरतं आणि शिंग आंतियोखस ठरतं. शिवाय पाचव्या अध्यायाच्या अखेरीस 'दारयावेश मेदी' राज्य घेतो, म्हणजे या पुस्तकाला मेदी राज्य वेगळं दिसतं, असं ते म्हणतात. पहिली बाजू ख्रिस्ती मंडळ्यांत जास्त ऐकू येते, दुसरी विद्यापीठांत. इ.स. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती धर्माचा टीकाकार पोर्फिरी यानं आंतियोखसचा मुद्दा मांडला आणि पाचव्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती विद्वान जेरोम यानं आपल्या भाष्यात त्याला उत्तर दिलं, तेव्हापासून हे चालू आहे. माझ्या मते दोन लहान शिंगांची वर्णनं सारखी असली तरी त्यांची मुळं वेगळी दाखवली आहेत, आणि एडक्याचा पुरावा जास्त वजनाचा आहे. पण दारयावेशाचं कोडं पहिल्या बाजूला नीट सुटलेलं नाही, हेही खरं.

पहिल्या शतकाच्या अखेरचं एक यहुदी पुस्तक इथं फार उपयोगी पडतं, एज्राच्या नावावर असलेलं. त्यात समुद्रातून गरुड वर येतो, आणि अर्थ सांगणारा एज्राला म्हणतो की तुझा भाऊ दानीएल याला दिसलेलं चौथं राज्य ते हेच, पण आता मी सांगतो तसा अर्थ त्याला सांगितला नव्हता. गरुड म्हणजे रोम. एकच चित्र पुढच्या संकटाला लावण्याची रीत किती जुनी आहे, ते यातून दिसतं.

बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याचा तेरावा अध्याय नेमकं हेच करतो. समुद्रातून वर येणारं श्वापद चित्त्यासारखं, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचं, शिंगं दहा. आता दानीएलाच्या चार श्वापदांची डोकी मोजा. सिंहाचं एक, अस्वलाचं एक, चित्त्याची चार, चौथ्याचं एक. बेरीज सात, आणि प्रकटीकरणातल्या श्वापदालाही सातच. चारही एकात कोंबली आहेत. सतराव्या अध्यायात या सात डोक्यांचा अर्थ दिला आहे आणि तो दुहेरी आहे: सात डोंगर आणि सात राजे. म्हणजे एका चिन्हाचा एकच अर्थ असा हट्ट खुद्द मजकूरच धरत नाही. सात टेकड्यांचं शहर म्हटल्यावर त्या काळच्या वाचकाला रोमशिवाय दुसरं काही सुचलं नसतं.

आता तेराव्या अध्यायाच्या अखेरीस दिलेला त्या श्वापदाचा आकडा, ६६६. इब्री अक्षरांना संख्यामूल्य असतं. 'नेरोन कैसर', म्हणजे रोमन सम्राट नेरो, हे इब्रीत लिहिलं की नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, म्हणजे ३०६. पुढं कोफ १००, सामेख ६०, रेश २००, म्हणजे ३६०. एकूण ६६६. काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ आहे. लॅटिन धर्तीवर 'नेरो' लिहिलं की शेवटचा नून गळतो, ५० वजा होतात आणि ६१६ उरतात. एकाच नावातून दोन्ही आकडे निघतात, म्हणून हा उलगडा वजनदार आहे. त्यावर आक्षेपही आहे. इ.स. १८०च्या सुमारास लिहिणाऱ्या इरेनियस या ख्रिस्ती लेखकाला ६१६चा पाठ माहीत होता, त्यानं काही संभाव्य नावं सुचवली, पण त्यांत नेरो नाही. कुणाच्याही नावाला मनाला येईल ती लिपी आणि येईल ती मूल्यं लावून ६६६ काढता येतात. असं गणित समोर आलं की एवढंच विचारा: भाषा कोणती, अक्षरांची मूल्यं आधीपासून ठरलेली होती का, आणि नावाचं हे लेखन त्या काळी कुठं सापडतं का? 'नेरोन कैसर' हे लेखन यहूदाच्या वाळवंटात सापडलेल्या एका अरामी दस्तऐवजात आहे.

आकड्यांवरून सर्वांत मोठी फसगत झाली ती दानीएल ८:१४मध्ये. तिथं पवित्रस्थान शुद्ध होईपर्यंत २३०० संध्याकाळ-सकाळी दिल्या आहेत. अमेरिकेतल्या विल्यम मिलर यांनी एक दिवस म्हणजे एक वर्ष धरून इ.स.पू. ४५७पासून २३०० वर्षं मोजली. त्यांच्या चळवळीनं २२ ऑक्टोबर १८४४ हा ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा दिवस ठरवला. तो दिवस आला आणि गेला. बेरीज चुकली नव्हती, चुकल्या त्या आधीच्या पायऱ्या. दिवसाला वर्ष ही सूट गणना १४:३४ आणि यहेज्केल ४:६ इथं स्पष्ट शब्दांत दिली आहे, इथं दिलेली नाही. ४५७ हा आरंभ एज्राच्या सातव्या अध्यायातून उचलला आहे, या दृष्टान्तात तो नाही. आणि विषय नित्ययज्ञाचा आहे. तो रोज दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी होई. म्हणून पुष्कळ अभ्यासक २३०० यज्ञ म्हणजे ११५० दिवस धरतात. मंदिर भ्रष्ट राहिलं ती तीनेक वर्षं या आकड्याच्या जवळ येतात, तंतोतंत नव्हे. पुढं या चळवळीतून सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली. ती १८४४चा अर्थ स्वर्गातल्या पवित्रस्थानाशी जोडते. त्यांचं विद्यापीठ आपल्या पुण्यात आहे, तेव्हा त्यांची बाजू त्यांच्याकडूनच ऐकता येईल.

पुढच्या आठवड्यापर्यंत प्रकटीकरणाचा बारावा अध्याय घरी करून पाहा. अजगराचा अर्थ नवव्या वचनात सरळ दिलेला आहे, तिथं रेघ ओढा. सहाव्या वचनातले १२६० दिवस आणि चौदाव्यातले साडेतीन काळ शेजारी-शेजारी लिहा. महिना ३० दिवसांचा धरून तेराव्या अध्यायातले ४२ महिने त्यांच्याशी ताडून पाहा. अजगर जिचा पाठलाग करतो त्या स्त्रीला चौदाव्या वचनात गरुडाचे दोन पंख मिळतात. ते कुठल्या विमानाचे, असं कुणी सांगू लागलं तर आधी निर्गम १९:४ उघडा.