गच्चीवरची पवनचक्की आणि चाळकेवाडीचा वारा

मंडळी, आलेल्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्या चिठ्ठ्यांत एकच प्रश्न आहे: सोसायटीच्या गच्चीवर पवनचक्की बसवावी का? उत्तर आधीच देतो. पुण्यात बसवू नका, सौर पॅनेल लावा. का, ते आता सांगतो.

वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा आठपट. हेच उलटंही लागू होतं, आणि विक्रेता नेमकं तेच सांगत नाही. दोन मीटर व्यासाचा पंखा घ्या. सेकंदाला दहा मीटर वारा असेल, तर त्यातून पाचेकशे वॅट मिळतील. वारा तीन मीटरवर आला की हातात पंधरा वॅट, म्हणजे जेमतेम एक एलईडी दिवा. माहितीपत्रकावर छापलेला आकडा बहुतेक वेळा अकरा-बारा मीटरच्या वाऱ्याचा असतो. कोथरूडच्या गच्चीवर तेवढा वारा वळवाच्या पावसाआधी पाच मिनिटं येतो, पत्रे उडवतो आणि जातो. शिवाय शेजारच्या इमारतींमुळे तो भोवऱ्यासारखा येतो; पात्यांना तो मानवत नाही.

यंत्र सुधारून हा प्रश्न सुटत नाही. वाऱ्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्केच ऊर्जा काढता येते, हे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवलं. सगळीच ऊर्जा काढून घेतली, तर पात्यामागे हवा थांबेल आणि मागून येणारी हवा बाजूनं निघून जाईल. म्हणून सगळा खेळ जागेचा.

तशी जागा सातारा जिल्ह्यात आहे. सज्जनगडावरून ठोसेघरच्या पुढे गेलात की चाळकेवाडी, वनकुसवड्याचं पठार. नैर्ऋत्येचा मोसमी वारा कोकणातून येऊन सह्याद्रीच्या कड्यावर आदळतो, वर चढताना दाबला जातो आणि माथ्यावर वेग घेतो. तिथला पंखा लांबून आळसावलेला दिसतो. पण शंभर मीटर व्यासाचं चक्र मिनिटाला पंधरा फेरे घेत असेल, तर पात्याचं टोक ताशी २८० किलोमीटरनं धावत असतं! जवळ उभं राहिलं की प्रत्येक पात्याचा सपकारा वेगळा ऐकू येतो.

हा वारा मुख्यतः जून ते ऑगस्टमधला. तेव्हा शेतीपंप बंद असतात, विजेची मागणी उतरलेली असते. एप्रिल-मेमध्ये मागणी चढते तेव्हा हा जोर नसतो. मात्र ढगांमुळे सौरवीज घटते तेव्हाच पवनवीज वाढते, म्हणून दोन्ही हव्यात.

माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे. या पठारांवरच्या उत्तम जागा जुन्या, साडेतीनशे किलोवॅटसारख्या छोट्या यंत्रांनी अडवल्या आहेत. आजचं एक यंत्र तशा सहा-आठ यंत्रांचं काम करतं. पण जुन्या यंत्रांचे मालक अनेक, त्यांचे करार वेगवेगळे. आणि ते सगळं जुळलंच, तरी साठ-सत्तर मीटरचं अखंड पातं त्या घाटाच्या वळणांवरून वर न्यायचं कसं?