आधी मेमरी मोजा

(कोल्हापुरात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

हा बोर्ड प्लेस्टेशन ४ चा, म्हणजे सोनीच्या गेम खेळायच्या कन्सोलचा आहे. २०१३ चं पहिलं मॉडेल, आता बंद पडलेलं. पहिल्या रांगेपासून मागे फिरवत न्या, कडेला धरा. मधोमध जो मोठा चौकोन दिसतो तो मुख्य प्रोसेसर. त्याच्या भोवतीचे छोटे काळे चौकोन मोजा. आठ भरतात ना? आता बोर्ड उलटा करा. तिथेही आठ. मेमरीच्या सोळा चिप, प्रत्येकीत ५१२ एमबी, म्हणजे ८ जीबी. पुढच्या कन्सोलबद्दल मला जे सांगायचंय ते या सोळा चौकोनांतच आहे.

नव्या प्लेस्टेशनचा, नव्या एक्सबॉक्सचा रोज एक तरी आकडा तुमच्या मोबाइलवर येतो. त्यावर कट्ट्यावर वाद रंगतो, आणि तो रंगायलाच हवा. पण आकडा खरा वाटतो की खोटा, हे ठरवायचं कशावरून? माझे वडील उद्यमनगरात फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात होते. लाकडी पॅटर्न हातात तोलून ते कास्टिंग किती किलोचं होईल ते सांगायचे आणि काट्यावर फार फरक पडायचा नाही. जाडी किती, आत पोकळी ठेवणारा कोअर कुठे, जादा माल धरणाऱ्या रायझरमध्ये किती जाणार, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. कन्सोलचा अंदाजही असाच बांधता येतो, म्हणून आज इथे उभा आहे.

आधी टेराफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी गणितं होतात ते माप, उरकून टाकू. फळ्यावर बघा: कॉम्प्युट युनिट, म्हणजे चिपवरचे गणित करणारे गट, गुणिले ६४ गुणिले २ गुणिले क्लॉक, म्हणजे सेकंदाला पडणारे ठोके. प्लेस्टेशन ५ ची ३६ युनिट आणि २.२३ गिगाहर्ट्झ, उत्तर १०.२८. एक्सबॉक्स सिरीज एक्सची ५२ युनिट आणि १.८२५ गिगाहर्ट्झ, उत्तर १२.१५. २०२० मध्ये या फरकावरून केवढं रान पेटलं होतं! दोन्हीकडचा एकच गेम शेजारी शेजारी लावला, तर तो फरक बहुतेक वेळा शोधावा लागतो. प्लेस्टेशन ५ प्रो यायच्या आधी ३३ टेराफ्लॉप्सची चर्चा होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मशीन आलं ते १६.७ चं. लोकांना वाटलं, फसवलं. फसवणूक कुठेच नव्हती. नव्या रचनेत एका ठोक्याला दोन कामं धरली की तोच आकडा दुप्पट होतो. मोजायची पद्धत बदलली की जो आकडा दुप्पट होतो, त्यावर मी फार वेळ घालवत नाही.

युनिटच्या आकड्यात मात्र एक गोष्ट तुम्हा कोल्हापूरकरांना लगेच पटेल. प्लेस्टेशन ५ च्या चिपवर युनिट ४० असतात, चालू ३६ ठेवतात. सिरीज एक्समध्ये ५६ पैकी ५२. का? रिजेक्शन. ज्या कारखान्यात चिप तयार होते त्यालाही फाउंड्रीच म्हणतात, आणि तिथेही प्रत्येक नग निर्दोष निघत नाही. आपल्याकडे ब्लो होल, म्हणजे आत अडकलेल्या हवेचं भोक, सापडलं की अख्खं कास्टिंग परत भट्टीत जातं. सिलिकॉन वितळवून पुन्हा ओतता येत नाही. म्हणून चार युनिट जादाच ठेवायची आणि बिघडलेली बंद करून नग वाचवायचा. प्लेस्टेशन ३ च्या सेल प्रोसेसरमध्ये आठ सहायक कोअरपैकी एक याच कारणाने बंद असायचा. तेव्हा ‘पूर्ण चिप, सगळी युनिट चालू’ असं कोणी सांगितलं की मला शंका येते.

आता मेमरी. प्लेस्टेशन २ ची मुख्य मेमरी ३२ एमबी. प्लेस्टेशन ३ मध्ये दोन भाग मिळून ५१२ एमबी, म्हणजे सोळा पट. प्लेस्टेशन ४ मध्ये ८ जीबी, पुन्हा सोळा पट. आणि प्लेस्टेशन ५? १६ जीबी. फक्त दुप्पट! ही ओळ मी पहिल्यांदा कागदावर लिहिली तेव्हा बराच वेळ तिच्याकडेच बघत बसलो होतो. मेमरीचा भाव पूर्वीसारखा उतरेना, म्हणून त्यांनी वाट बदलली: सेकंदाला ५.५ जीबी वाचणारी एसएसडी, म्हणजे गेम साठवायची वेगवान जागा, बसवली. म्हणजे पूर्ण १६ जीबी तीन सेकंदांत भरून निघते. कोठी मोठी करता येत नाही, मग दार रुंद केलं.

सध्या पुढच्या प्लेस्टेशनसाठी ३० जीबी हा आकडा फिरतोय. सोळा समजतात, बत्तीस समजतात, तीस कुठून आले? आता फिरतोय तो बोर्ड आठवा. जीडीडीआर, म्हणजे ग्राफिक्ससाठीच्या वेगवान मेमरीच्या, प्रत्येक चिपला प्रोसेसरपर्यंत डेटा न्यायला ३२ बिटांची वाट लागते. प्लेस्टेशन ५ मध्ये आठ चिप, प्रत्येकी २ जीबी, २५६ बिट. तिची नवी पिढी जीडीडीआर७, तिची ३ जीबीची चिप आता मिळते. अशा दहा लावल्या की तीस. पाच वर, पाच खाली, या बोर्डासारख्याच पाठीला पाठ लावून, जोडीत एकच वाट वाटून घेणाऱ्या. म्हणजे १६० बिट. वाट अरुंद झाली, पण वाटेच्या प्रत्येक बिटामागे ३२ गिगाबिटचा वेग धरला तर सेकंदाला ६४० जीबी मिळतात. प्लेस्टेशन ५ मध्ये ४४८ आहेत. गणित बसतं. गोल आकड्यापेक्षा असा वेडावाकडा आकडा मला जास्त विश्वासाचा वाटतो, कारण त्यामागे चिपची मोजदाद दिसते. अर्थात, ही मोजदाद येणारा माणूस घरबसल्याही असा आकडा जुळवू शकतो.

आणि खरी बातमीही शिळी होते. २०१३ च्या फेब्रुवारीपर्यंत प्लेस्टेशन ४ साठी सगळीकडे ४ जीबीचीच चर्चा होती. ज्यांनी ती बातमी दिली ते खोटं बोलत नव्हते. आराखडा तसाच होता. मग दुप्पट क्षमतेची चिप वेळेत हाती आली आणि जाहीर झाले ८ जीबी. सोळा चौकोन तेच, आतला माल बदलला. म्हणून कुठलीही बातमी वाचताना मी तारीख बघतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये प्लेस्टेशनची रचना ठरवणारे मार्क सर्नी आणि त्याची चिप आखणाऱ्या एएमडी कंपनीचे जॅक ह्युएन एकत्र येऊन बोलले. ते तुम्ही जरूर ऐका. काही वर्षांत येणाऱ्या कन्सोलसाठी जे तंत्र तयार होतंय, त्यात एक आहे प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामधला सगळा डेटा दाबून लहान करण्याचं. अडचण कुठे आहे हे त्यांनी स्वतःच सांगितलं: मेमरीच्या वाटेवर.

माझा स्वतःचा अंदाज? २४ ते ३० जीबी, आणि कुठे थांबेल ते भाव ठरवेल. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरीचा माल उचलायला सुरुवात केल्यापासून दर चढलेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात ४९,९९० रुपयांना आलं, तेव्हाही घरात विचारायला धीर लागायचा. पिग आयर्नचा, म्हणजे कच्च्या लोखंडाचा, दर वाढला की वडील दिलेलं कोटेशन परत मागवायचे. तिकडच्या इंजिनिअरांच्या टेबलावर आज तेच चाललं असणार. तीसचे चोवीस झाले, तर मला वाईट वाटेल. ते सहा जीबी गेम बनवणाऱ्यांच्या हातून जातील.

बोर्ड शेवटच्या रांगेपर्यंत पोचला का? ज्यांनी मागची बाजू मोजली नाही त्यांनी मोजून घ्या, मग प्रश्न घेऊ.