कपभर पेट्रोलवरचा सिनेमा

पिक्चर लावायच्या आधी दहा मिनिटं बोलतो. फिलिपिन्सचा इंडी सिनेमा, म्हणजे मोठ्या स्टुडिओशिवाय काढलेला, म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, एवढे लांबलचक पिक्चर का काढतात ही माणसं? मला विचाराल तर त्यांच्याकडे पैसा नव्हता, वेळ होता, आणि तो वेळच त्यांनी भांडवल म्हणून लावला.

आजच्या पिक्चरचे दिग्दर्शक किडलाट ताहिमिक. हे नाव त्यांनी स्वतः घेतलं, अर्थ होतो मूक वीज. मूळचे बागियोचे एरिक दे गिया, अमेरिकेत शिकले, पॅरिसमध्ये अर्थतज्ज्ञाची चांगली नोकरी होती ती सोडली आणि अगदी किरकोळ पैशात ‘मबाबांगोंग बांगुंगोत’ म्हणजे सुगंधी दुःस्वप्न हा पिक्चर केला, त्याला 1977 मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात समीक्षकांचं पारितोषिक मिळालं. आज तोच बघणार आहोत. सुरुवातीचा पूल नीट बघा हं. गावात यायला-जायला तो एकच पूल, आणि त्यावरून दोरीने जीपनी ओढत नेतात, आधी खेळण्यातली, मग जरा मोठी, मग चक्क खरीखुरी! जीपनी म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे टाकलेल्या जीप लोकांनी लांब केल्या, रंगवल्या, आणि गावोगावची शेअर गाडी करून टाकली. परक्याची वस्तू आपली कशी करायची हे त्या एका पुलावर दिसतं, भाषण न देता.

फिलिपिन्सचेच दुसरे दिग्दर्शक लाव दियाझ, त्यांचंही तसंच. ‘एबोलुस्योन’ नावाचा त्यांचा जवळपास 11 तासांचा पिक्चर आहे, 2004 चा. पैसे संपले की शूटिंग थांबायचं, आले की परत सुरू, असं करत करत दहा वर्षं गेली, फिल्मवर सुरू झालेलं काम पुढे डिजिटल व्हिडिओवर आलं, आणि त्यातला लहान मुलगा आपल्यासमोर खरोखरच मोठा होतो, मेकअप नाही, दुसरा नट नाही. फिलिपिन्सचा हुकूमशहा मार्कोस, त्याच्या काळात घराघरांतून किती वर्षं गेली ते आकड्यात सांगून कळत नाही हो, त्या पोराचा चेहरा बघून कळतं. म्हणून मला ती लांबी कधीच मिरवणं वाटली नाही. पुढे 2016 ला त्यांच्या पावणेचार तासांच्या पिक्चरला व्हेनिस महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, गोल्डन लायन, मिळाला.

परत किडलाटकडे येतो. दर्यावर्दी मॅगेलनचा गुलाम एन्रिके, मलाक्कात विकत घेतलेला, तोच पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस असणार असं ते मानतात. त्याच्यावरचा पिक्चर त्यांनी 1979 ला सुरू केला, एन्रिके स्वतःच झाले. मग मुलं वाढवायची म्हणून काम बाजूला ठेवलं. कपभर पेट्रोल मिळालं की तेवढंच पुढे जायचं ही त्यांची रीत, टाकी फुल व्हायची वाट बघायची नाही. तो पिक्चर बर्लिनला पोचला 2015 मध्ये, तिथे बक्षीसही मिळालं, आणि त्यानंतरही ते त्यात बदल करतच राहिले.

चला, दिवे बंद करा.