तीस वर्षं उशिरा उघडलेला पडदा

मंडळी, कृष्णवर्णीय अमेरिकन गायिका मॅरियन अँडरसन यांचं नाव निघालं की बहुतेकांना 1939 चा ईस्टरचा रविवार आठवतो. वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलच्या मालक असलेल्या महिला संघटनेनं त्यांना सभागृह नाकारलं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांनी त्या संघटनेचा राजीनामा दिला आणि 9 एप्रिलला लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर 75 हजार माणसांसमोर अँडरसन गायल्या. प्रसंग मोठाच आहे. पण मला मनापासून बोलायचंय ते 7 जानेवारी 1955 च्या रात्रीबद्दल.

त्या रात्री न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराच्या, म्हणजे 'मेट'च्या रंगमंचावर प्रथमच एक कृष्णवर्णीय गायिका प्रमुख भूमिकेत उभी राहिली. इटालियन संगीतकार व्हर्दीचा 'उन बाल्लो इन मास्केरा' हा ऑपेरा, भूमिका उल्रिका या भविष्य सांगणाऱ्या बाईची. पडदा वर गेला आणि त्यांनी एक स्वरही लावण्याआधी टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेनात. अंगाला कंप सुटला, आतून सगळं आवळल्यासारखं झालं, असं त्यांनीच पुढे लिहिलंय. त्यांचं वय तेव्हा सत्तावन्न होतं.

सत्तावन्न! गळ्याचा भर ओसरू लागण्याचं हे वय. आणि हा गळा काय त्या वर्षी सापडला होता? 1897 मध्ये फिलाडेल्फियात जन्मलेली ही मुलगी लहानपणापासून चर्चच्या गायकवृंदात गायची. वडील लवकर गेले, आईनं लोकांचे कपडे धुऊन, साफसफाईची कामं करून घर चालवलं. गाणं शिकायला एका संगीतशाळेत गेली, तर 'आम्ही काळ्यांना घेत नाही' असं तोंडावर ऐकावं लागलं. मग चर्चच्या मंडळींनी वर्गणी काढली आणि जुझेप्पे बोगेत्ती यांच्याकडे तिची तालीम सुरू झाली. 1925 मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकची स्पर्धा जिंकून त्या त्याच वाद्यवृंदासोबत गायल्या. म्हणजे ज्या शहरात त्या एवढ्या गाजल्या, त्याच शहरातल्या ऑपेरागृहाला दार उघडायला तीस वर्षं लागली.

मधल्या काळात युरोपनं त्यांना डोक्यावर घेतलं. स्कँडिनेव्हियात कार्यक्रमांमागून कार्यक्रम झाले, फिनलंडचा संगीतकार सिबेलियसनं घरी बोलावून गाणं ऐकलं. 1935 मध्ये साल्झबर्गला विख्यात वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनी म्हणाले, असा आवाज शंभर वर्षांत एकदाच ऐकायला मिळतो. आवाज काँट्राल्टो, म्हणजे स्त्रियांच्या आवाजातला सगळ्यात ढाला. खालचे स्वर खर्जात भरदार उतरायचे, पण त्यात जडपणा नसायचा. आणि मायदेशी? 1937 मध्ये प्रिन्स्टनला कार्यक्रम झाला, पण हॉटेलनं खोली दिली नाही. त्या रात्री आइनस्टाईननं त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं.

उल्रिकाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मूळ संहितेतच ती कृष्णवर्णीय आहे, आणि तिला हद्दपार करा म्हणणारा न्यायाधीश तिच्या रक्ताला 'अपवित्र' म्हणतो. इतकी वर्षं गोऱ्या गायिका चेहरा रंगवून ही भूमिका करत आल्या होत्या. मेटचे प्रमुख रुडॉल्फ बिंग यांनी ती अँडरसन यांना दिली, याचं श्रेय त्यांना आहेच. पण भूमिका एका प्रवेशाची. सबंध कारकिर्दीत त्यांनी ऑपेरात केलेली ही एकमेव भूमिका, हे मला आजही सलतं.

दार मात्र पुन्हा बंद झालं नाही. त्याच महिन्यात कृष्णवर्णीय बॅरिटोन (पुरुषांच्या मधल्या पट्टीचा गायक) रॉबर्ट मॅकफेरिन मेटवर गायले आणि 1961 मध्ये कृष्णवर्णीय गायिका लिओंटिन प्राइस आल्या, त्याही ऐन बहरात असताना. प्राइस यांच्या वाट्याला पुढे आयडा आली, तोस्का आली, म्हणजे ऑपेरांच्या नायिकाच. अँडरसन यांच्या तिशीतल्या गळ्याला यातलं काहीच मिळालं नाही.

तो गळा आपल्याला ऐकू येतो तो ध्वनिमुद्रिकांतून. जर्मन संगीतकार ब्राम्सची 'आल्टो ऱ्हॅप्सडी' त्यांनी संचालक ऑर्मंडी यांच्या फिलाडेल्फिया वाद्यवृंदासोबत 1939 मध्ये गायली, म्हणजे वॉशिंग्टननं सभागृह नाकारलं त्याच वर्षी. शेवटाकडे पुरुषांचा वृंद गाऊ लागतो, तेव्हा त्यांचा आवाज त्याच्या वरून कसा सहज तरंगत जातो, तिकडे लक्ष द्या. आता तेच ऐकू या.