काट्यांकडून पडद्याकडे : एका लहान विमानाच्या पॅनेलची फेरबांधणी

(दृश्य : हँगरचे अर्धे उघडलेले दार, आत पॅनेल खोललेले विमान)

पूर्व विदर्भात, धानाच्या बांध्या आणि जुने मालगुजारी तलाव यांच्या मधोमध असलेल्या एका धावपट्टीच्या कडेला हे हँगर उभे आहे, आणि त्यात सध्या एका चार आसनी सेसना 172 विमानाचे पॅनेल पूर्णपणे खोलून ठेवलेले आहे. वैमानिकाच्या समोर एरवी जिथे सहा गोल डायल असतात, तिथे आता सहा रिकामी भोके आहेत. प्रत्येकाचा व्यास 3.125 इंच, म्हणजे सुमारे 79 मिलिमीटर आहे. हे माप अनेक दशकांपासून ठरून गेलेले असल्यामुळे आज मिळणारी काही इलेक्ट्रॉनिक उपकरणे पॅनेलचा पत्रा न कापता जुन्याच भोकात बसवता येतात.

या सहा भोकांतून बाहेर आलेली उपकरणे दोन वेगळ्या तत्त्वांवर चालतात. वेगमापक, उंचीमापक आणि चढ-उताराचा दर दाखवणारे उपकरण ही तिन्ही हवेच्या दाबावर चालतात. पंखाखालच्या पिटो नळीतून समोरच्या हवेचा दाब आणि विमानाच्या कुशीवरील बारीक छिद्रातून आजूबाजूच्या हवेचा स्थिर दाब त्यांच्यापर्यंत पोहोचतो. उरलेली तीन गायरोवर चालतात : विमान किती कलले हे दाखवणारे कृत्रिम क्षितिज, दिशादर्शक आणि वळणाचा दर दाखवणारे उपकरण. वेगाने फिरणारा भोवरा जसा आपला अक्ष सोडत नाही, तसे गायरोचे जड चाक अवकाशातील आपली दिशा धरून ठेवते आणि विमान त्याच्याभोवती किती कलले किंवा वळले हे काट्यातून दिसते. 24 सप्टेंबर 1929 रोजी अमेरिकेत जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून, बाहेर अजिबात न पाहता, उड्डाण करून विमान परत उतरवले, तेव्हा त्यांच्यासमोर स्पेरी कंपनीचे कृत्रिम क्षितिज, त्याच कंपनीचा दिशादर्शक गायरो आणि कोल्समन यांचा संवेदनशील उंचीमापक होता. आज या टेबलावर मांडलेली उपकरणे त्याच घराण्यातली आहेत.

(दृश्य : इंजिनच्या मागील बाजूने काढलेला व्हॅक्यूम पंप, शेजारी रबरी नळ्या)

क्षितिज आणि दिशादर्शक यांच्या गायरोला फिरवते ती हवा, आणि ती हवा ओढण्याचे काम इंजिनवर बसवलेला हा लहानसा पंप करतो. त्याच्या आत कार्बनच्या पातळ पट्ट्या असतात. त्या झिजत जातात, आणि एखाद्या दिवशी तुटतात. तुटण्यापूर्वी बहुतेक वेळा काहीही पूर्वसूचना मिळत नाही. पंप बंद पडल्यावर गायरो लगेच थांबत नाही, हीच खरी अडचण आहे. मिनिटाला हजारो फेरे घेणारे चाक हळूहळू मंदावते, त्याबरोबर कृत्रिम क्षितिज काही मिनिटांत अगदी सावकाश एका बाजूला कलू लागते, आणि वैमानिक ढगात असेल तर विमान सरळ असूनही ते कलले आहे असे समजून तो स्वतःच विमान दुसऱ्या बाजूला झुकवतो. पॅनेलच्या कोपऱ्यात व्हॅक्यूमचा एक छोटा डायल असतो, पण त्याच्याकडे नियमित लक्ष जाणे हे शिस्तीवर अवलंबून आहे.

विदर्भात ढगातून उडण्याचे प्रसंग प्रशिक्षणार्थींवर फारसे येत नाहीत, म्हणून हा धोका येथे लागू नाही असे काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. मे महिन्याच्या दुपारी धुळीने भरलेले आभाळ आणि नांगरून ठेवलेली जमीन यांचा रंग एकच होतो आणि क्षितिजरेषा नाहीशी होते. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी वैनगंगेच्या खोऱ्यात धुके उतरते, तेव्हाही तसेच घडते. अशा वेळी ढग नसतानाही वैमानिकाला समोरच्या उपकरणावर विसंबावे लागते.

दिशादर्शकाची आणखी एक खोड आहे. त्याचे चाक अवकाशात स्थिर राहते, पण पृथ्वी त्याच्याखाली फिरत असते. विषुववृत्तावर हा परिणाम शून्य आणि ध्रुवावर तासाला 15 अंश असतो; गोंदियाच्या अक्षांशावर तो तासाला सुमारे साडेपाच अंश भरतो. बेअरिंगमधले घर्षण त्यात आपली भर घालते. म्हणूनच साधारण दर पंधरा मिनिटांनी होकायंत्र पाहून दिशादर्शक जुळवून घेण्याची सवय विद्यार्थ्याला पहिल्या काही तासांतच लावली जाते.

(दृश्य : नवीन उपकरण हातात घेतलेला तंत्रज्ञ)

नव्या उपकरणात फिरणारे काहीच नाही. सिलिकॉनच्या चिपवर कोरलेले अतिसूक्ष्म कंपक, प्रवेगमापक आणि चुंबकीय संवेदक मिळून विमानाची स्थिती मोजतात, आणि एक संगणक त्यात उपग्रहाकडून आलेला वेग व हवेच्या दाबाची आकडेवारी मिसळून पडद्यावर क्षितिज रेखाटतो. गार्मिनच्या जी-5 सारख्या उपकरणाला प्रमाणित लहान विमानांत बसवण्याची अमेरिकी परवानगी 2016 मध्ये मिळाली, आणि त्यानंतर जुन्या सेसनांच्या पॅनेलचा प्रश्न मालकांच्या आवाक्यात आला. गोंदियाजवळच्या बिरसीच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेतील डायमंड कंपनीच्या विमानांत असे मोठे पडदे कारखान्यातूनच बसून आले आहेत. तिथे शिकलेल्या विद्यार्थ्याला व्हॅक्यूम पंप हा केवळ पुस्तकातील धडा वाटतो.

आपल्या समोरच्या विमानात मात्र सर्व काही बदललेले नाही. क्षितिज आणि दिशादर्शक या दोन जागी पडदे येत आहेत, पंप आणि त्याच्या नळ्या कायमच्या निघत आहेत, आणि उरलेली चार जुनी उपकरणे तपासून पुन्हा त्यांच्या जागी बसणार आहेत. माझ्या मते हा निर्णय शहाणपणाचा आहे. वेगमापकाचा काटा कुठल्या कोनात आहे हे डोळ्याच्या कोपऱ्यातून कळते, आणि तो किती वेगाने सरकतो आहे हेही कळते. पडद्यावरची सरकती पट्टी मात्र वाचावी लागते. वळणाचे उपकरण पूर्वीपासून विजेवर, स्वतंत्र ब्रेकरवर चालते, त्यामुळे ते काढण्यात काही लाभ नाही. दोन पडद्यांपैकी वरचा गेला तर खालचा क्षितिजाचे काम करू शकतो, आणि विमानाचा वीजपुरवठा तुटला तरी प्रत्येकाच्या पाठीवरची बॅटरी चार तासांपर्यंत पुरते.

दोन्ही पद्धतींतला मुख्य फरक बिघाडाच्या क्षणी दिसतो. जुने क्षितिज मरता मरता खोटे सांगत राहते. नव्या उपकरणाला स्वतःच्या मापनाची खात्री उरली नाही, तर ते चित्र पुसून त्या जागी मोठी तांबडी फुली दाखवते. 16 ऑक्टोबर 2000 रोजी मिसूरीचे गव्हर्नर मेल कार्नाहन यांचे सेसना 335 विमान रात्री, खराब हवेत कोसळले. वैमानिकाचे दिशाभान हरपले होते, आणि त्याच्या समोरचे मुख्य क्षितिज निकामी झाले होते हे चौकशीत त्याचे एक सहकारण ठरले. शेजारच्या आसनासमोरील दुसऱ्या क्षितिजाकडे मान वळवून विमान सांभाळण्याची त्याच्यावर वेळ आली होती.

तरीही पडदा आला म्हणून सुरक्षितता आपोआप येते, असे आकडे सांगत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 2010 मध्ये, 2002 ते 2006 या काळात बनलेल्या 8,000 हून अधिक लहान विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पडदे असलेल्या विमानांचे एकूण अपघात कमी होते, पण प्राणघातक अपघातांचे प्रमाण त्यांच्यात जास्त निघाले. ही विमाने लांबच्या प्रवासाला आणि खराब हवेत अधिक वापरली जात होती हे त्यामागचे एक कारण, आणि उपकरण कसे बिघडते हे वैमानिकाला न शिकवणे ही मंडळाने दाखवलेली उणीव.

(दृश्य : पिटो नळीवरील तांबडे आवरण)

येथे एका स्थानिक शत्रूचा उल्लेख करणे आवश्यक आहे. उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाच्या पिटो नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते, आणि त्यासाठी तिला फार वेळ लागत नाही. नळी अशी बुजली तर धाव घेताना वेगाचा काटा शून्यावरच राहील आणि पडद्यावरील आकडाही शून्यच दाखवेल, कारण दोघांना हवा एकाच नळीतून मिळते. तांबडी फुली येणार नाही; उपकरणाच्या दृष्टीने शून्य दाब हे एक वैध मापन आहे. नळीवर आवरण घालणे आणि उड्डाणापूर्वी ते काढून छिद्रात डोकावणे, या कामाला कोणत्याही पडद्याने सुट्टी दिलेली नाही.

(दृश्य : वायरींचा जुडगा, क्रिम्पिंगची पक्कड)

सर्वाधिक वेळ जातो तो पॅनेलच्या मागे. एकेकाळी हवेवर चालणारे क्षितिज आता विजेवर आले आहे, त्यामुळे प्रत्येक वायर, प्रत्येक क्रिम्प (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेला जोड) आणि प्रत्येक अर्थिंग यांना पूर्वी नव्हते एवढे महत्त्व आले आहे. जुन्या वायरींचे वेष्टन उन्हाने कडक होऊन तडकलेले असते. दरवर्षी पारा 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या प्रदेशात, काचेमागे तापलेल्या कॉकपिटमध्ये, हे अधिक लवकर घडते. नवी वायर टाकताना आधी विजेच्या भाराचा हिशोब मांडावा लागतो. 1978 पासूनच्या सेसना 172 मध्ये 28 व्होल्टची यंत्रणा आहे, त्याआधीच्यांत 14 व्होल्टची, आणि उपकरणे दोन्हींवर चालत असली तरी ब्रेकर व वायरीची जाडी तीच राहत नाही. जमिनीवर तासन्तास पडदे चालू ठेवून चाचणी घ्यायची तर बाहेरून वीज द्यावी लागते, आणि ग्रामीण फीडरवरील भारनियमनाचे वेळापत्रक हँगरच्या भिंतीवर चिकटवलेले असते ते यामुळेच.

चुंबकीय संवेदक पंखाच्या टोकाजवळ, इंजिन आणि लोखंडापासून दूर बसतो. त्याच्या आसपासचे पोलादी स्क्रू काढून पितळी घालावे लागतात. मग इंजिन चालू ठेवून दिवे, लुकलुकणारे स्ट्रोब, पिटो तापक, फ्लॅप यांतील प्रत्येक गोष्ट एकेक करून लावली आणि बंद केली जाते, आणि त्यातल्या कशाने दिशा हलते का ते पाहिले जाते. शेवटी विमान मोकळ्या जागेत नेऊन सावकाश पूर्ण वर्तुळात फिरवतात, म्हणजे संवेदक त्या विमानाच्या चुंबकत्वाची नोंद करून घेतो. काचेमागचे साधे, द्रवात तरंगणारे होकायंत्र मात्र जागच्या जागी राहते. नियमांना ते हवेच असते.

इंजिनसाठी बसवलेला छोटा पडदा, खरे तर, या सगळ्यांत विदर्भाला सर्वांत उपयोगी पडेल असे मला वाटते. जुन्या विमानात तापमानाचा एकच काटा असे आणि तो चारपैकी एकाच सिलिंडरचे तापमान दाखवी. सर्वांत तापलेला सिलिंडर दुसराच असला तर वैमानिकाला ते कळण्याचा मार्ग नव्हता. आता चारही सिलिंडर वेगळे दिसतात आणि प्रत्येक उड्डाणाची नोंद कार्डावर राहते. तेलाच्या दाबासाठी गरम तेलाची नळी थेट पॅनेलपर्यंत यायची, तीही आता संवेदकामुळे इंजिनच्या बाजूलाच थांबते. बाहेरील तापमान मोजले जात असल्याने हवेच्या घनतेनुसार येणारी उंचीही पडद्यावर दिसते : धावपट्टी समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर असली, तरी 45 अंशांच्या दुपारी इंजिन आणि पंख यांच्या दृष्टीने ती पाच हजार फुटांच्या आसपास असते, आणि चार माणसे व भरलेल्या टाक्या घेऊन उडायचे की नाही हे त्या आकड्यावरून ठरते.

(दृश्य : वजनकाट्यावर उभे विमान, नोंदवहीची पाने)

कागदपत्रांचे काम पॅनेलइतकेच मोठे आहे. बदलाला मान्यताप्राप्त पूरक प्रकार प्रमाणपत्र, म्हणजे विमानाच्या मूळ रचनेत तो बदल करण्याची मंजुरी, लागते, त्यात या विमानाचे मॉडेल नमूद असावे लागते, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार मान्यता असलेल्या देखभाल संस्थेतील परवानाधारक अभियंत्याने सही केल्याशिवाय विमान हलत नाही. पंप गेला, नळ्या गेल्या, पडदे आले, म्हणून विमान पुन्हा तोलले जाते आणि त्याचा गुरुत्वमध्य नव्याने काढला जातो. दाबाच्या नळ्या सुटल्या होत्या, म्हणून त्यांची गळती-चाचणी होते. वेगाच्या पांढऱ्या, हिरव्या, पिवळ्या आणि तांबड्या मर्यादा याच विमानाच्या पुस्तिकेतून पडद्यात भरून, दोघांनी तपासून, कुलूपबंद केल्या जातात.

त्यानंतरचे पहिले उड्डाण स्वच्छ सकाळी, धावपट्टीच्या नजरेतच होते. प्रशिक्षक आधी वरचा पडदा बंद करतो, मग खालचा, मग दोन्ही, आणि शेजारच्या आसनावरील वैमानिकाला केवळ वळणाचे उपकरण, वेगाचा काटा आणि होकायंत्र यांच्या आधारे विमान सरळ ठेवायला लावतो. ते जमल्याची नोंद झाल्यावर हे विमान विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकात परत येईल.